प्रॉम्प्टमध्ये कर्सर हलवा, पण रीडलाइनचा हिशोब मोडू नका

तुमची अडचण मला समजली ती अशी. बॅश या शेलचा (तुम्ही दिलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करण्याआधी दिसणारा मजकूर, तुम्ही रंगीत केला, उजव्या कोपऱ्यात घड्याळ बसवलं आणि दोन दिवस सगळं छान चाललं. मग एक लांब कमांड टाइप करताना ती पुढच्या ओळीवर न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीला आली आणि प्रॉम्प्टवरच लिहिली जाऊ लागली. वरचा बाण दाबून जुनी कमांड आणली की आधीच्या कमांडची काही अक्षरं पुसली न जाता मागे राहतात. आणि एखादी फाइल ‘कॅट’ कमांडने पडद्यावर छापून पाहिल्यावर कधीकधी प्रॉम्प्ट ओळीच्या मधूनच सुरू होतो. हा टर्मिनलचा, म्हणजे ज्या खिडकीत हे सगळं दिसतं तिचा, दोष आहे का आणि टर्मिनल बदलू का, असं तुम्ही विचारलं आहे.

टर्मिनल बदलू नका. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: कर्सर कुठे आहे याचा हिशोब पडद्याशी जुळत नाही. ते एकदा नीट कळलं की घड्याळ ठेवूनही सगळं सुरळीत चालतं.

प्रॉम्प्ट दाखवण्यात तीन वेगवेगळे गडी असतात. बॅश पीएस१ या व्हेरिएबलमधली स्ट्रिंग उलगडतो. ती छापण्याचं आणि पुढे तुम्ही टाइप कराल ती ओळ सांभाळण्याचं काम रीडलाइन ही लायब्ररी करते. आणि पडद्यावर प्रत्यक्ष चितारतं ते टर्मिनल. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे रीडलाइनला पडदा दिसत नाही. ती बाइट पाठवत राहते आणि कर्सर आता कितव्या रकान्यात असेल याचा हिशोब स्वतःच्या वहीत ठेवते. वही आणि पडदा जुळत असतील तर बाण, बॅकस्पेस, ओळ मोडणं, हिस्टरी सगळं बरोबर. वहीत एका रकान्याची जरी चूक झाली तरी पुढचं सगळं त्या चुकीवर उभं राहतं. म्हणून माझा नियम एकच आहे: प्रॉम्प्टमध्ये कर्सर कुठेही न्या, पण जिथून उचलला तिथेच परत आणून ठेवा, आणि या सगळ्या फेरीची रुंदी शून्य आहे असं रीडलाइनला सांगा.

आधी लांब कमांडची तक्रार आकड्यांनी पाहू. समजा तुमच्या प्रॉम्प्टमध्ये डोळ्यांना दिसणारी १८ अक्षरं आहेत. त्यांच्या आधी ठळक हिरव्या रंगाचा कोड आहे: एस्केप हे न दिसणारं कॅरेक्टर, मग रोमन लिपीत [१;३२एम. हे ७ बाइट झाले. शेवटी रंग बंद करण्यासाठी एस्केप, मग [०एम, म्हणजे ४ बाइट. टर्मिनल हे ११ बाइट गिळून टाकतं, पडद्यावर त्यांची जागा शून्य. पण रीडलाइनला कोणी सांगितलेलं नसेल तर तिच्या वहीत प्रॉम्प्ट २९ रकान्यांचा होतो. ८० रकान्यांच्या खिडकीत तुमच्यासाठी खरं तर ६२ रकाने मोकळे आहेत, ती मात्र ५१ धरून चालते. ५१ अक्षरं झाली की तिला वाटतं ओळ भरली, टर्मिनलने कर्सर खाली नेला असणार. ती नव्या ओळीच्या सुरुवातीला जायचं म्हणून कर्सर पहिल्या रकान्यात आणते. टर्मिनल अजून जुन्याच ओळीवर असतं, कारण त्याच्याकडे ११ रकाने शिल्लक आहेत. मग तुमचं ५२वं अक्षर प्रॉम्प्टच्या पहिल्या अक्षरावर उमटतं. हिस्टरीतून मागे राहणारी अक्षरंही याच चुकीच्या मोजमापातून येतात. तुमच्या खिडकीत ओळ नेमकी किती रकाने आधी मोडते ते मोजा. तो आकडा तुमच्या रंगांच्या कोडमधल्या बाइटइतका निघेल.

यावरचा उपाय बॅशने दिलेला आहे: \[ आणि \] या दोन खुणा. यांच्यामध्ये जे असेल त्याची रुंदी रीडलाइन धरत नाही. प्रत्येक रंगाचा कोड, प्रत्येक कर्सरची हालचाल या दोन खुणांच्या आत हवी. डोळ्यांना दिसणारा मजकूर बाहेर हवा. आणि नवी ओळ, म्हणजे बॅकस्लॅश-एन, नेहमी बाहेरच हवी, कारण नव्या ओळीवर रीडलाइन आपला हिशोब पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरू करते आणि ती तिला दिसलीच पाहिजे.

इथे एक बारकावा आहे, त्यात अनुभवी माणसंही अडकतात. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातली चालू शाखा दाखवण्यासाठी तुम्ही एक फंक्शन लिहिता, ते रंगासकट नाव छापतं आणि पीएस१मध्ये $(…) करून त्याला बोलावता. त्या फंक्शनने \[ छापलं तर ते जसंच्या तसं पडद्यावर दिसतं. कारण बॅश प्रॉम्प्टमधल्या बॅकस्लॅशच्या खुणा आधी उलगडतो आणि $(…) नंतर चालवतो. फंक्शनचं उत्तर येईपर्यंत \[ ओळखण्याची वेळ निघून गेलेली असते. अशा वेळी फंक्शनमधून थेट ते दोन बाइट छापायचे ज्यांत बॅश या खुणा शेवटी बदलतो: सुरुवातीला बॅकस्लॅश-००१, शेवटी बॅकस्लॅश-००२. रीडलाइन वापरणाऱ्या इतर ठिकाणीही हेच दोन बाइट चालतात. पायथनच्या इनपुट फंक्शनला रंगीत प्रॉम्प्ट दिल्यावर ओळ विस्कटते, तिथलं औषधही हेच.

आता घड्याळ. तुम्ही ते पहिल्या ओळीच्या टोकाला बसवलं आहे: कर्सरची जागा साठवायची, पहिल्या ओळीच्या ७२व्या रकान्यात जायचं, वेळ छापायची, परत यायचं. पद्धत बरोबर आहे, जागा मला पटत नाही. टर्मिनलची पहिली ओळ ही काही राखीव पाटी नाही. तिथे आधीच्या कमांडचं आउटपुट असतं. तुम्ही त्यावर वेळ लिहिता, मग पडदा वर सरकतो आणि ती ओळ तुमच्या वेळेसकट मागच्या इतिहासात जाते. उद्या तुम्ही लॉगचा तुकडा कॉपी करून सहकाऱ्याला पाठवाल तेव्हा त्यात मध्येच दर थोड्या ओळींनी घुसलेल्या वेळा असतील. तपास करताना अशी एक चुकीची वेळ फार महागात पडते. घड्याळ प्रॉम्प्टच्याच ओळीवर, उजव्या टोकाला असू द्या. मग ते आपल्या ओळीबरोबरच वर सरकतं आणि कोणाच्या आउटपुटला हात लावत नाही.

त्यासाठी पीएस१च्या अगदी सुरुवातीला हे घाला:

\[ \ई७ \ई[९९९सी \ई[८डी \टी \ई८ \]

अक्षरं आणि आकडे रोमन लिपीत लिहा, सी आणि डी कॅपिटल, ई आणि टी लहान, आणि मधल्या मोकळ्या जागा गाळा. बॅकस्लॅश-ई म्हणजे २७ क्रमांकाचं एस्केप कॅरेक्टर. एस्केप-७ने टर्मिनल कर्सरची जागा आणि रंग लक्षात ठेवतं. पुढचा भाग ‘९९९ रकाने उजवीकडे जा’ असं सांगतो. खिडकी तेवढी रुंद नसतेच, म्हणून कर्सर शेवटच्या रकान्यावर जाऊन थांबतो. या हालचालीने तो खाली घसरत नाही की पडदा सरकत नाही. तिथून ८ रकाने डावीकडे. तास, मिनिटं, सेकंद आणि दोन कोलन (:) मिळून ८ अक्षरं. ८० रकान्यांच्या खिडकीत ती ७२ ते ७९ या रकान्यांत बसतात आणि शेवटचा रकाना रिकामा राहतो. एस्केप-८ने कर्सर जिथून निघाला तिथे परत. दिसणारी वेळसुद्धा \[ \]च्या आत आहे, हे मुद्दाम. ती पडद्यावर दिसते खरी, पण कर्सर परत आला आहे, म्हणजे रीडलाइनच्या हिशोबात तिची रुंदी शून्यच धरायला हवी.

९९९ची ही युक्ती मला फार आवडते, कारण हिला खिडकी किती रुंद आहे हेही ठाऊक असावं लागत नाही. खिडकी लहान-मोठी करा, पुढचा प्रॉम्प्ट बरोबर टोकाला येतो. बरेच जण उजवीकडचा मजकूर बसवण्यासाठी डाव्या मजकुराची लांबी मोजतात आणि मध्ये तेवढ्या मोकळ्या जागा भरतात. ती पद्धत इंग्रजी नावांच्या डिरेक्टरीत चालते आणि मराठी नावाची डिरेक्टरी आली की कोसळते. ‘पुस्तके’ या नावाची डिरेक्टरी करून बघा. बॅशला त्याची लांबी विचारली तर यूटीएफ-८ लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा आणि लिपीची सेटिंग) ७ येते: प, उकार, स, हलन्त, त, क, मात्रा. सी लोकेलमध्ये २१ येते, कारण तिथे बाइट मोजले जातात. रकाने मात्र ४ लागतात, कारण उकार, हलन्त आणि मात्रा यांची रुंदी शून्य धरली जाते. काना आणि वेलांटीला बहुतेक तक्ते एक रकाना देतात, पण सगळी टर्मिनलं त्या तक्त्याप्रमाणेच चितारतात असं नाही. एका टर्मिनलमध्ये जुळवलेला प्रॉम्प्ट दुसऱ्यात दोन रकाने सरकतो. साठवून-परत येण्याच्या पद्धतीत डाव्या बाजूची लांबी मोजावीच लागत नाही, म्हणून उजवीकडचं घड्याळ तरी जागेवर राहतं. डाव्या बाजूला मात्र टर्मिनल आणि रीडलाइन यांची मोजमापं वेगळी असतील तर कर्सर अजूनही चुकेल. मराठी नावांच्या डिरेक्टरी रोज वापरत असाल तर प्रॉम्प्ट दोन ओळींचा करा, पाथ पहिल्या ओळीवर आणि दुसऱ्या ओळीवर फक्त $. टाइप करण्याच्या ओळीवर एकही अनिश्चित रुंदीचं अक्षर उरत नाही. मी स्वतः गेली अनेक वर्षं असाच वापरतो.

दोन ओळींच्या प्रॉम्प्टमध्ये एक काळजी घ्या. एस्केप-७ने साठवलेली जागा पडद्यावरची असते, मजकुरातली नव्हे. तुम्ही तळाच्या ओळीवर आहात, जागा साठवली, मग नवी ओळ छापली आणि पडदा एक ओळ वर सरकला, तर परत आल्यावर तुम्ही मूळ मजकुराच्या खालच्या ओळीवर उतरता. म्हणून साठवणं आणि परत येणं यांच्यामध्ये नवी ओळ कधीच येऊ देऊ नका. खाली जागा लागणारच असेल तर आधी हवी तेवढी नवी ओळ छापून पडद्याला काय सरकायचं ते सरकू द्या, मग कर्सर तेवढ्याच ओळी वर घ्या आणि त्यानंतर साठवा. साठवायची खोबणी एकच असते हेही लक्षात ठेवा. साठवलेलं असताना दुसऱ्यांदा साठवलं तर पहिली जागा गेली.

एस्केप-७ ऐवजी एस्केप, मग [एस आणि परत येण्यासाठी [यू असंही बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडेल. ७ आणि ८ हे डीईसी कंपनीच्या १९७८च्या व्हीटी१०० टर्मिनलपासून चालत आलेले आहेत आणि आजची टर्मिनलं त्याच यंत्राची नक्कल करतात. एस आणि यू यांचा वंश वेगळा आहे. काही टर्मिनलं ते जोडीने मानत नाहीत, आणि एक्सटर्म या टर्मिनलमध्ये एका विशिष्ट मोडमध्ये त्याच एसचा अर्थ डावी-उजवी सीमा ठरवणं असा होतो. ७ आणि ८च वापरा. टीपुट ही टर्मिनलचे कोड छापणारी कमांड वापरायची सवय असेल तर एससी आणि आरसी या नावांनी हेच मिळतं. फक्त टीपुट ही बाहेरची कमांड आहे, प्रत्येक प्रॉम्प्टला ती पाच-सहा वेळा चालवू नका. शेल सुरू होताना एकदाच तिचं उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवा. आणि टीपुट ओळी व रकाने शून्यापासून मोजतं, थेट कोड एकापासून. दोन्हींची सरमिसळ केली की सगळं एका घराने सरकतं.

घड्याळाबद्दल अजून एक सुचवतो, कारण तुम्ही लिहिलं आहे की कमांड कधी चालवली हे तुम्हाला नंतर बघायचं असतं. प्रॉम्प्टमधली वेळ ही प्रॉम्प्ट उमटला तेव्हाची असते. तुम्ही जेवून येऊन कमांड दिलीत तर शेजारी जेवणाआधीची वेळ राहते. २०१६ साली आलेल्या बॅश ४.४मध्ये पीएस० नावाचं व्हेरिएबल आहे. एंटर दाबल्यानंतर आणि कमांड सुरू होण्याआधी ते छापलं जातं. त्या क्षणी कर्सर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असतो. म्हणून पीएस०मध्ये हाच क्रम ठेवायचा, फक्त एस्केप-७नंतर ‘एक ओळ वर’ म्हणजे \ई[१ए घालायचं, ए कॅपिटल. प्रॉम्प्ट आणि कमांड एकाच ओळीत असतील तर जुन्या वेळेवर नवी वेळ बसते आणि पडद्यावर कमांड सुरू झाल्याची खरी वेळ राहते. इथे \[ \] लागत नाही, कारण पीएस० रीडलाइनच्या हातून जात नाही. कमांड अगदी ओळीच्या टोकापर्यंत गेली असेल तर वेळ तिच्या शेवटच्या अक्षरांवर उमटेल. फक्त पडद्यावर, चालणाऱ्या कमांडला काही होत नाही. मॅकवर अॅपलने दिलेला बॅश अजून ३.२ आहे, त्यात पीएस० चालणार नाही. तिथे नवा बॅश बसवावा लागेल.

घड्याळ टाइप करताना पुसलं जाऊ शकतं, हेही सांगून ठेवतो. रीडलाइन हिस्टरीतून ओळ बदलताना कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत पुसते, तेव्हा तिला माहीत नसलेलं घड्याळही जातं. पुढच्या प्रॉम्प्टला परत येतं. हे बॅशमध्ये पूर्ण टाळता येत नाही. झेड-शेल या दुसऱ्या शेलमध्ये उजवा प्रॉम्प्ट शेलच्या स्वतःच्या एडिटरला माहीत असतो, तुम्ही टाइप करत जवळ गेलात की तो त्याला आपणहून बाजूला करतो. फिश या शेलमध्येही उजव्या प्रॉम्प्टची अंगभूत सोय आहे. उजव्या बाजूला बरंच काही दाखवायचं असेल तर शेल बदलणं हा प्रामाणिक सल्ला आहे.

आता तिसरी तक्रार, ओळीच्या मधून सुरू होणारा प्रॉम्प्ट. ज्या फाइलच्या शेवटी नवी ओळ नसते ती कॅट केली की कर्सर शेवटच्या अक्षरापुढे उभा राहतो. रीडलाइन मात्र आपण पहिल्या रकान्यात आहोत असंच गृहीत धरते, म्हणजे वही पुन्हा चुकली. यावर काही जण टर्मिनललाच विचारतात: एस्केप, मग [६एन पाठवलं की टर्मिनल कर्सरची ओळ आणि रकाना कळवतं. हे करू नका. ते उत्तर कीबोर्डवरून टाइप झाल्यासारखं येतं. तुम्ही घाईत पुढची कमांड आधीच टाइप करायला घेतली असेल तर तिची अक्षरं आणि हे उत्तर एकमेकांत मिसळतात. आणि उत्तर न देणारं टर्मिनल असलं तर शेल वाट बघत बसतो. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर रात्री दोन वाजता सिरियल कन्सोलवरून लॉगिन केलं तेव्हा पासवर्डनंतर काहीच येईना. नेटवर्क बंद, दुसरी वाट नाही. कोणीतरी रूटच्या प्रॉम्प्टमध्ये हा प्रश्न टाकून ठेवला होता, वेळेची मर्यादा न घालता. कंट्रोल-सी दाबून शेल हाती आला, पण ती काही मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

झेड-शेल हा प्रश्न कोणालाही न विचारता सोडवतो आणि तीच युक्ती बॅशमध्ये प्रॉम्प्ट-कमांड या व्हेरिएबलमधून करता येते; त्यात लिहिलेलं बॅश प्रत्येक प्रॉम्प्टच्या आधी चालवतो. प्रॉम्प्टच्या आधी एक खूण छापायची, समजा %. मग खिडकीच्या रुंदीपेक्षा एक कमी एवढ्या मोकळ्या जागा. मग कॅरेज रिटर्न, म्हणजे बॅकस्लॅश-आर. मग ओळ शेवटपर्यंत पुसण्याचा कोड, एस्केप आणि [के, के कॅपिटल. बघा काय होतं. कर्सर पहिल्या रकान्यात होता तर खूण आणि ७९ मोकळ्या जागा मिळून बरोबर ८० रकाने भरतात. व्हीटी१००च्या वळणाचं टर्मिनल शेवटचा रकाना भरला तरी लगेच खाली जात नाही, पुढचं अक्षर येईपर्यंत तिथेच थांबतं. कॅरेज रिटर्नने त्याच ओळीच्या सुरुवातीला परत, खूण पुसली, काही झालंच नाही. उलट फाइलची १० अक्षरं आधीच ओळीवर असतील तर खूण ११व्या रकान्यात बसते, ६९ मोकळ्या जागांत ओळ संपते, उरलेल्या १० खालच्या ओळीवर जातात आणि कॅरेज रिटर्न आपल्याला त्या नव्या ओळीच्या पहिल्या रकान्यात आणतो. वर % ही खूण राहते आणि फाइलच्या शेवटी नवी ओळ नव्हती हेही कळतं. घड्याळाच्या शेवटी रिकामा ठेवलेला रकानाही याच थांबण्याच्या सवयीमुळे, तिथे ती आपल्याला नको असते.

प्रॉम्प्ट-कमांडच्या फंक्शनमध्ये पहिलीच ओळ आधीच्या कमांडचा एक्झिट कोड (ती यशस्वी झाली का हे सांगणारा आकडा) साठवणारी हवी, नाहीतर पुढच्या ओळीतच तो बदलतो. शाखेचं नाव पीएस१मध्ये थेट जोडू नका. गिटच्या शाखेच्या नावात $ आणि कंस चालतात आणि बॅश पीएस१ पुन्हा उलगडतो, म्हणजे दुसऱ्याने दिलेलं नाव तुमच्या यंत्रावर कमांड म्हणून चालू शकतं. नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि पीएस१मध्ये त्या व्हेरिएबलचं नावच लिहा. आणि बॅशआरसीमधून, म्हणजे बॅशच्या सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलमधून, एकही एस्केप कोड थेट छापू नका, शेल इंटरॅक्टिव्ह आहे (समोर माणूस टाइप करतो आहे) याची खात्री आधी करा, नाहीतर एससीपी आणि आरसिंक या दुसऱ्या यंत्रावर फाइली पाठवणाऱ्या कमांड बंद पडतात.

बदल झाल्यावर असं तपासा. खिडकी ४० रकान्यांची करा आणि शंभरेक अक्षरांची कमांड टाइप करा, एंटर न दाबता. कंट्रोल-एने सुरुवातीला, कंट्रोल-ईने शेवटी जा, कर्सर नेमका पहिल्या अक्षरावर आणि शेवटच्या अक्षराच्या लगेच पुढे जायला हवा. वरच्या बाणाने एक लांब आणि एक छोटी कमांड आलटून पालटून आणा, काही मागे राहतं का बघा. कंट्रोल-आरने शोधून बाहेर या. मग पडद्याच्या अगदी तळाशी जाऊन हेच सगळं पुन्हा करा, एकदा नुसतं आणि एकदा टीमक्स या एकाच टर्मिनलात अनेक शेल चालवणाऱ्या प्रोग्रामच्या आत. आणि शेवटी ‘पुस्तके’ डिरेक्टरीत जाऊन बॅकस्पेसने सगळी ओळ पुसा. प्रॉम्प्टचं एकही अक्षर खाल्लं गेलं नाही तर वही आणि पडदा जुळले आहेत.